आळीपाळीची खुर्ची



राज्यकर्त्यांच्या याद्या वाचायचा मला जुना नाद. नावांवरून कळते, त्या मुलखात कोणाची भाषा चालते.

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या कुशीत, त्रेंतिनो-आल्तो आदिजे हा प्रदेश आहे. त्यातला बोल्झानो प्रांत बहुतांशी जर्मन बोलणारा. पहिल्या महायुद्धानंतर तो ऑस्ट्रियाकडून इटलीत आला. १९४८ मध्ये इटालियन भाषिक त्रेंतो प्रांताशी जोडून दोघांचा एक स्वायत्त प्रदेश केला गेला. साहजिकच बहुमत इटालियन भाषिकांचे झाले. पहिले अध्यक्ष तुल्लियो ओदोरित्सी त्रेंतोकडचे, आणि पुढेही अनेक वर्षे यादीत तिकडचीच नावे.

बोल्झानोत असंतोष साचत गेला. १९५७ मध्ये सिल्व्हियस मान्यागो यांनी त्रेंतोपासून वेगळ्या स्वायत्ततेसाठी प्रचंड सभा घेतली. १९६१ मध्ये काही जहाल तरुणांनी विजेचे मनोरे उडवले. महायुद्धात पाय गमावलेले मान्यागो मात्र वाटाघाटींनाच चिकटून राहिले. अखेर १९७२ मध्ये बहुतेक अधिकार प्रदेशाकडून दोन्ही प्रांतांकडे आले.

आता प्रदेशाचे अध्यक्षपद आळीपाळीने फिरते: निम्मा कार्यकाळ त्रेंतोचा प्रमुख, निम्मा बोल्झानोचा. भांडण उरले नाही, कारण खरा कारभार आपापल्या प्रांतात चालतो. जर्मन शाळांची व्यवस्थाही जर्मन भाषिकांच्याच हाती आहे.

सीमाभागात वाढलेल्या मला त्या यादीतल्या नावांपेक्षा ही शाळांची गोष्ट मोठी वाटते. खुर्चीवर कोणीही बसो, आपल्या मुलांची शाळा कोणत्या भाषेत भरणार हे ठरवणारे हात आपले असावेत.