छापखान्याला अभिवादन पुरे, आता काम द्या

२५ जून २०१६ रोजी, अजून उजाडलंही नव्हतं तेव्हा, दादर पूर्वेच्या गोकुळदास पास्ता रोडवर बुलडोझर आले आणि आंबेडकर भवनासोबत बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची वास्तूही पाडली गेली. त्याविरोधात १९ जुलैला मुंबईत निघालेल्या प्रचंड मोर्चात आपल्यापैकी अनेक जण चालले. इमारत धोकादायक झाली होती, तिथे १७ मजली भवन उभं करायचं होतं, असं विश्वस्तांचं म्हणणं. आंबेडकर कुटुंबीयांनी आणि कार्यकर्त्यांनी ते मान्य केलं नाही. तो वाद मी इथे पुन्हा काढत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो बोचेल. त्या मोर्चात चाललेल्यांपैकी किती जणांनी आधीच्या दहा वर्षांत आंबेडकरी माणसाच्या छापखान्यात एक तरी पावतीपुस्तक छापून घेतलं होतं?

छापखाना आपल्यासाठी इतका पवित्र का, हे आधी आठवू. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं. त्याची साधी जाहिरात पैसे मोजूनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या बळावर पत्र उभं राहिलं आणि तीनेक वर्षांत बंद पडलं. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. पण लिहून झालं की प्रश्न उरायचा तो छापायचं कुठे आणि पैसे कोण देणार, हा. भारतभूषण छापखाना ही त्या प्रश्नाची वस्तुरूप उत्तर होती. २४ नोव्हेंबर १९३० ला निघालेलं ‘जनता’ पुढे जवळपास पंचवीस वर्षं चाललं. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपलंच अधिवेशन गुंडाळलं, तेव्हा न झालेलं ते भाषण बाबासाहेबांनी पुस्तक म्हणून काढलं आणि ते भारतभूषणमध्ये छापलं गेलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्याचं त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे. व्यासपीठ काढून घेता आलं, छापखाना काढून घेता आला नाही. म्हणून मग तो जाळला. १९४६ च्या दंगलीत सवर्णांनी भारतभूषणला आग लावली. त्यातून तो पुन्हा उभा राहिला आणि बुद्धभूषण या नावाने ओळखला जाऊ लागला.

इथपर्यंतचा इतिहास आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. यापुढचा सांगत नाही. हा छापखाना चालवला कोणी? भैयासाहेब, म्हणजे बाबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव, आणि मुकुंदराव, म्हणजे बाबासाहेबांचे थोरले बंधू आनंदराव यांचे चिरंजीव. दोन चुलतभाऊ. बाबासाहेब दिल्लीत राज्यघटनेच्या कामात होते, तेव्हा दादरला कागद, शाई, कामगारांचा पगार आणि गिऱ्हाइकांची थकबाकी बघायला कोणीतरी रोज दुकान उघडत होतं. ४ फेब्रुवारी १९५६ ला ‘जनता’चं ‘प्रबुद्ध भारत’ झालं. महापरिनिर्वाणानंतर ते पत्र भैयासाहेबांनी काही वर्षं चालवलं. आपण भैयासाहेबांना भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. ते छापखानदार होते हे मात्र विसरतो, जणू धंदा करणं हे जरा कमी प्रतीचं काम असावं.

इथेच आपलं चुकतं असं मला वाटतं. छापखाना ही चळवळीची वास्तू असते तशीच ती कुटुंबाची चूलही असते. चूल पेटती राहिली तर वास्तू राहते. उलटं होत नाही.

याच मुंबईतले जे छापखाने पिढ्यानपिढ्या टिकले त्यांच्याकडे बघा. जावजी दादाजी हा गरीब घरातला मुलगा. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर टाइप घासायला लागला. १८६४ मध्ये त्याने स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांच्या शीर्षकपानांवर पुढे तुकाराम जावजी आणि मग पांडुरंग जावजी अशी नावं येत राहिली. त्याही आधीचे गणपत कृष्णाजी. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला शिवत नसत, तर या गृहस्थांनी तुपाची शाई तयार केली! आणि छापलं काय? पंचांग. दरवर्षी जुनं होणारी आणि दरवर्षी पुन्हा घ्यावीच लागणारी वस्तू. निर्णयसागरचंही पंचांग होतं. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं, तेही त्याच वाटेने. आज ते अनेक भाषांत निघतं आणि व्यवसाय अजून त्याच कुटुंबाकडे आहे.

मुहूर्त, राशी, शुभ-अशुभ हे सगळं आपण नाकारलं, आणि योग्यच केलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या भिंतीवर राहुकाळ कशाला हवा? पण त्या पंचांगामागचा हिशेब आपण समजून घेतला नाही. प्रस्थापितांच्या छापखान्याला त्यांच्या समाजाने दरवर्षी न मागता एक ठरलेली ऑर्डर दिली. सण त्यांचे, व्रतं त्यांची, लग्नं त्यांची, आणि या सगळ्याचा कागद त्यांच्याच गल्लीतून छापून जात होता. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात ते व्यवहारात असं दिसतं: ओळखीच्या माणसाकडेच काम टाकायची सवय. आपल्याकडेही १४ एप्रिल आहे, बुद्ध पौर्णिमा आहे, वर्षावास आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, ६ डिसेंबर आहे. दिनदर्शिका भरून जाईल एवढं आहे. सवय तेवढी नाही.

माझं काम घाटकोपर-विक्रोळीच्या वस्त्यांमध्ये चालतं. तिथल्या एका छापखान्यात माझं येणं-जाणं आहे. नाव देत नाही, मालकाला ते आवडणार नाही. वडील फोर्टातल्या छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवता जुळवता उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायला शिकलेला माणूस. नोकरीतून साठवलेल्या पैशांवर त्यांनी एक जुनी पायाने चालवायची ट्रेडल मशीन घेतली. पहिली कामं म्हणजे लग्नपत्रिका. बाजारातल्या छापखान्यांत गणपतीचा ब्लॉक तयार असायचा, बुद्धाचा नसायचा. यांनी बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा ब्लॉक करून घेतला. वरची गणेशवंदना जाऊन त्रिशरण आलं, ‘शुभमुहूर्ता’च्या जागी साधी ‘वेळ’ आली. पालीतलं जोडाक्षर चुकू नये म्हणून वंदनेची प्रत समोर ठेवून खिळे लावायचे. धर्मांतर कागदावर उतरतं ते असं.

मग खिळे गेले. ऑफसेट घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. एक लाकडी चौकट, जाळी आणि सुकवायला दोऱ्या. थोरला मुलगा डीटीपी शिकला, श्रीलिपीत मजकूर बसवू लागला, आणि छपाई अंधेरीच्या एका ऑफसेटवाल्याकडून करून आणू लागला. फ्लेक्सची लाट आली तेव्हा शेजारच्या दोघांनी कर्ज काढून मोठ्या मशीन घेतल्या. यांनी घेतली नाही. ऑर्डर घ्यायची, डिझाइन घरी करायचं, छापून साकीनाक्याहून आणायचं. आज तिसरी पिढी ओळखपत्रं, टी-शर्ट, सन्मानचिन्हं आणि क्यूआर कोडची पावतीपुस्तकं करते. यंत्र चार वेळा बदललं. बदललं नाही ते गिऱ्हाईक: तीच विहारं, तीच मंडळं, त्याच घरांतली लग्नं.

यात एक गोष्ट लपवू नये. असे धंदे टिकतात ते घरच्या बायकांच्या मोजदाद नसलेल्या श्रमांवर. घड्या घालणं, पानं जुळवणं, पिना मारणं, पत्रिका पाकिटात भरणं, हे सगळं स्वयंपाक उरकून रात्री. बिलावर त्यांचं नाव नसतं, नफ्यातही वाटा नसतो. कौटुंबिक उद्योगाचं कौतुक करताना आपण, हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाची लेकरं, हे विसरणार असू तर ते कौतुक खोटं आहे.

या छापखान्याला सगळ्यात जास्त काय पोळलं, असं मी मालकाला विचारलं. मला वाटलं नोटाबंदी म्हणेल, जीएसटी म्हणेल, २०२० ची टाळेबंदी म्हणेल. त्या वर्षी १४ एप्रिल घरातच साजरी झाली आणि लग्नंही थांबली. तो म्हणाला, उधारी. मंडळांची उधारी. डीजेवाल्याला दोन महिने आधी ॲडव्हान्स जातो, मांडववाल्याला जातो, छापखानेवाल्याला ‘समाजाचं काम आहे दादा, बघू नंतर’ म्हणून जय भीम मिळतो. नंतर म्हणजे पुढची जयंती. मी काही मंडळांचे जमाखर्च जवळून पाहिले आहेत, त्यामुळे मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, आता सगळं मोबाईलवर आहे, छापखान्याचा जमाना गेला. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलसमोरची गर्दी बघून हे बोलावं. उसनवारी करून आलेली माणसं पिशवी भरून पुस्तकं नेतात. शिवाय मोबाईलवरचं आपलं पान आपलं नसतं. कोणीतरी तक्रार करतं आणि सकाळी ते पान दिसत नाही. आपल्याच घरातल्या पुस्तकावर अशी तक्रार लागू होत नाही.

काही म्हणतील, सरकार बाबासाहेबांचे ग्रंथ छापतंच की. १९७९ मध्ये पहिला खंड आला हे खरं आणि त्या कामाचं मोल मोठं आहे. पण डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल का घ्यावी लागली? नऊ लाख प्रती छापायचं ठरलं होतं, कागद कोट्यवधी रुपयांचा आणून ठेवला होता, आणि छापून झाल्या होत्या जेमतेम ३३ हजार. बाकी कागद गोदामात पडून. मागणी नव्हती असं कोणी म्हणू शकतं का? मागणी होती, पैसा होता, कागद होता. पण तो खंड छापून निघाला नाही तर ज्याच्या घरी चूल पेटणार नाही, असा माणूस त्या यंत्रणेत कुठेच नव्हता. याउलट पुण्यात विलास वाघ आणि उषाताई वाघ यांनी ‘सुगावा’ची पुस्तकं वर्षानुवर्षं काढली. नवरा-बायकोने चालवलेलं प्रकाशन, पण त्याची पुस्तकं गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या घरात सापडतात.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांना सांगितलं. मग धंद्याची एवढी तरफदारी कशाला? तर बाप-लेक स्वतः मशीनवर उभे राहतात, स्वतः शाईने हात काळे करतात, त्या दुकानाला भांडवलशाही म्हणणं म्हणजे शब्दाची किंमत घालवणं आहे. हां, उद्या त्याच दुकानात चार पोरं राबू लागली आणि त्यांना किमान वेतन मिळालं नाही, तर मी आधी त्यांच्या बाजूने उभं राहीन. तोवर हा स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

छापील कागदावर छापणाऱ्याचं नाव असलं पाहिजे, असं १८६७ चा कायदा सांगत असे. निवडणुकीच्या पत्रकांवर ते असलंच पाहिजे असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ सांगतं. म्हणून माझी एक सूचना आहे. तुमच्या विभागातल्या गेल्या वर्षभरातल्या पत्रिका, पत्रकं, अहवाल, पावतीपुस्तकं गोळा करा आणि तळाची ती बारीक ओळ वाचा. किती नावं आपल्या माणसांची निघतात ते मोजा. मग जयंती समितीच्या जानेवारीतल्या पहिल्याच बैठकीत तीन ठराव मांडा. छपाईची निम्मी रक्कम ऑर्डर देतानाच द्यायची. मागच्या वर्षाची थकबाकी नवी वर्गणी सुरू होण्याआधी चुकती करायची. आणि विभागातल्या सगळ्या विहारांनी मिळून एकच दिनदर्शिका एकाच छापखान्याकडून काढायची, म्हणजे त्याला कागद घाऊक भावात घेता येईल. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, प्रत्येक ठिकाणी असा एक तरी छापखाना आहे. बहुतेकांनी बाहेर पाटीवर निळा रंग लावलेला असतो, शोधायला वेळ लागणार नाही. जाताना जुनी उधारी खिशात घेऊन जा.