जायफळाच्या बदल्यात मॅनहॅटन!

श्रीखंडात आई चिमूटभर जायफळ किसून टाकते ना? त्या चिमटीपायी बेटंच्या बेटं उजाड झालीयेत, बॉस!

तेव्हा जायफळ मिळायचं ते इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच. तिथले लोक अरब, जावानीज, इंग्रज, कुणालाही माल विकायचे. हे डच ईस्ट इंडिया कंपनीला खुपलं. तिला हवी होती शंभर टक्के मोनोपॉली. १६२१ मध्ये गव्हर्नर जनरल यान कून फौज घेऊन उतरला. ४४ म्होरक्यांची मुंडकी उडवली, तीही भाडोत्री जपानी तलवारबाजांकडून. (आउटसोर्सिंग काय आजचंय?) सुमारे १५ हजारांच्या वस्तीतले हजारभर उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले, नाहीतर गुलाम झाले. मग बागा राखायला बाहेरून गुलाम आणले.

राहिलं रन नावाचं चिमुकलं बेट, जेमतेम तीन किलोमीटर लांब. त्यावर इंग्रजांचा दावा. १६६७ च्या ब्रेडा तहात रन डचांना मिळालं आणि त्यांचं न्यू ॲमस्टरडॅम इंग्रजांकडेच राहिलं. म्हणजे आजचं मॅनहॅटन!

पुढे इंग्रजांनी १७९६ मध्ये आणि पुन्हा १८१० मध्ये बांदा घेतलं. रोपं पिनांगला, सिलोनला गेली. मोनोपॉली खलास. आता कोकणातल्या वाड्यांतही नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ लागतं.

कूनचा पुतळा त्याच्या होर्न गावात १८९३ साली उभारला. बांदातल्या मेलेल्यांचा उल्लेख त्याच्या पाटीवर आला तो २०१२ मध्ये.