विमानतळावरची मक्याची भाकरी



यवतमाळहून विमान गाठायचं, तर बहुतेकांना आधी सुमारे १५० किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. समजा, तुम्ही आई-बाबांबरोबर तसे निघालात आणि पुढच्या विमानासाठी एखाद्या मोठ्या विमानतळावर थांबलात. पोटात कावळे ओरडताहेत. समोर टेबल-खुर्च्या मांडलेलं मेक्सिकन उपाहारगृह! कार्ड हातात येतं : टॉर्टिया, टाको, साल्सा, फ्रिहोलेस... तुम्ही आईकडे बघता, आई बाबांकडे!

घाबरता कशाला? टॉर्टिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी. तिच्यात भाजी किंवा मटण भरून घडी घातली, की झाला टाको. फ्रिहोलेस म्हणजे राजम्यासारखे शिजवलेले दाणे. आणि साल्सा? टोमॅटो-मिरचीचा ठेचाच की! तिकडेही तो काळ्या दगडाच्या खलात कुटायची जुनी पद्धत आहे. काटा-चमचा जमत नसेल तर लाजू नका. टाको हातानंच खायचा असतो.

खरं तर हे पाहुणे आपल्या ओळखीचेच. मिरची मूळची मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली. मका आणि टोमॅटोही अमेरिका खंडातलेच. आणि आपल्या यवतमाळचं पांढरं सोनं? आज शेतात दिसणारा बहुतेक कापूस 'अमेरिकन' जातीचा आहे. त्या जातीचं माहेरही मेक्सिकोच्याच बाजूला. आहे की नाही गंमत!

पण या भाकरीची एक गोष्ट मात्र गंभीर आहे, बरं का. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, भिजत ठेवतात आणि मग वाटतात. त्यामुळे साल सुटतं, शिवाय मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपीय लोकांनी मका आपल्याकडे नेला, पण ही युक्ती नेली नाही. तिकडे लक्षच दिलं नाही. पुढे इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. कातडी फाटायची, जुलाब व्हायचे, डोकं भ्रमायचं. हजारो माणसं दगावली. नायसिननं हा रोग बरा होतो, हे शास्त्रज्ञांना १९३७ च्या सुमारास कळलं. मेक्सिकोतल्या आजीबाईंना नायसिन हे नाव ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या घरात हा रोग सहसा शिरला नाही.

म्हणून आजी कडधान्य का भिजवते, आंबील का आंबवते, हे 'जुनाट' म्हणून उडवून लावू नका. तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पदार्थ दुकानात मिळतो. रीत मात्र विचारावी लागते.

आणि हो, जेवायला बसण्यापूर्वी बोर्डिंग पासवरची वेळ बघा. विमान सुटण्याच्या बरंच आधी दार बंद होतं. टाको गरम राहील, पण विमान थांबणार नाही!