निजेला धोंडा पुरत नाही

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण सुखवस्तू समाजाला फार सोयीची ठरली आहे. कष्टकऱ्याला दगडावरही गाढ झोप लागते, निद्रानाश हा चिंतातुर धनिकांचा विकार होय, असा समज तिच्या आधारे रूढ झाला. चेन्नईतील अल्प उत्पन्नाच्या साडेचारशेहून अधिक स्त्री-पुरुषांच्या मनगटावर निद्रामापक बांधून अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत. प्रत्यक्ष झोप जेमतेम साडेपाच तासांची. उकाडा, डास आणि गोंगाट यांनी ती वारंवार मोडत असे.

या सर्वांना रुग्ण म्हणता येणार नाही. पुरेशी संधी असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री, निदान तीन महिने झोप न लागणे वा न टिकणे आणि त्यामुळे दिवसाचे व्यवहार बिघडणे, यास वैद्यक जुनाट निद्रानाश म्हणते. अशा माणसाचे चित्त कामात ठरत नाही, क्षुल्लक कारणाने त्याचा तोल जातो, नैराश्याचा धोका वाढतो. त्याहून क्रूर गोष्ट अशी की, अंधार पडू लागताच ‘आज तरी झोप लागेल का’ ही धास्तीच त्याची झोप पळवते. मग तो लवकर आडवा होतो, सुटीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळतो आणि कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्या ऋणकोप्रमाणे अधिकच रुततो.

यावर उपाय आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली औषधांआधी विचार व सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराची शिफारस केली. अंथरुणातील वेळ मोजका ठेवावा, झोप न आल्यास उठून दुसऱ्या खोलीत जावे, असे त्यात सांगितले जाते. सल्ला शास्त्रशुद्ध आहे; परंतु एकाच खोलीत सहा माणसे निजतात, तेथे दुसरी खोली आणावी कोठून?

अपुऱ्या झोपेमुळे अमेरिकेचे वर्षाला ४११ अब्ज डॉलरपर्यंत नुकसान होते, असा रँड संस्थेचा २०१६ चा अंदाज आहे. असल्या आकड्यांकडे सावधपणेच पाहावे. चेन्नईत डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानांतले बोळे, पंखे देऊन रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवली, तरी उत्पादकता लक्षणीय वाढली नाही. मोडक्या झोपेत अर्ध्या तासाची भर पडून काय होणार, अशी शंका येथे रास्त ठरते. उलट कामाच्या ठिकाणी शांत जागी दुपारी घेतलेल्या डुलकीने कामाचा वेग आणि मनःस्वास्थ्य दोन्ही सुधारले. मात्र डुलकीत गेलेला वेळ भरून निघेना. तोच वेळ काम करणाऱ्यांपेक्षा डुलकी घेणाऱ्यांची कमाई कमी भरली. केलेल्या कामावर मजुरी मिळवणाऱ्याने ही विश्रांती स्वतःच्या खिशातून विकत घ्यावी, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? तो भार मालकाने उचलला पाहिजे.

रात्रीचे काय? निवासी भागात रात्री दहा ते सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच घातली आहे. निद्रा हा जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ साली सांगितले. आता हे नियम राबवण्याचे काम पोलिसांचे आणि स्थानिक प्रशासनाचे आहे. आणि कर्ण्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी त्या साडेपाच तासांतूनच उठून जाण्याची पाळी झोपणाऱ्यावर येऊ नये.