न मागितलेला कागद

आतड्यातील जिवाणूंवरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाहूल लवकर लागू शकेल, अशा बातम्या हल्ली अधूनमधून वाचनात येतात. अशी बातमी वाचली की मला युसूफ वडगाव आठवते.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले हे गाव. २०००च्या सुमारास तेथील बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो. दसरा-दिवाळी सरली की टोळ्या ऊसतोडीला निघत आणि घरांना कुलपे लागत. त्या गडबडीत तिशीतली एक बाई नवऱ्याबरोबर कर्ज मागायला आली. "सायेब, पिशवी काढायची हाय. डागतर म्हनले, न्हाई काढली तर क्यान्सर व्हईल." मुकादमाची उचल घेतलेली होती, त्यामुळे टोळी निघण्याआधी ऑपरेशन उरकायचे होते. मी जामीनदार मागितला, सात-बारा मागितला, खर्चाचे अंदाजपत्रक मागितले. फाईल चोख झाली. कर्करोगाची शंका कोणत्या तपासणीतून आली, तो कागद मात्र मी मागितला नाही. असा कागद असतो हेच मला ठाऊक नव्हते.

त्याच काळात शेजारच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिवमध्ये, याच आजाराच्या तपासणीचे मोठे काम चालू होते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते १९९९ मध्ये हाती घेतले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत वेगवेगळी तपासणी झाली, चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा राहिली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बराच वाद झाला. तो वाद रास्तच होता. पण त्या ६४ जणींचे जगावर ऋण आहे, हे त्यामुळे अधिकच ठळक होते.

हा आजार तपासणीला सवड देतो. त्याचे मूळ एचपीव्ही विषाणूत आहे, हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा विषाणू आपोआप घालवते. काहींमध्ये तो ठाण मांडतो, आणि कर्करोग होईपर्यंत साधारण दहा ते वीस वर्षे जातात. बँकेतले कर्जखातेही एका रात्रीत बुडत नाही. हप्ता चुकू लागला की जाणता अधिकारी सावध होतो. येथेही बदललेल्या पेशी वेळीच दिसल्या, तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो. बहुतेक वेळा अख्खी पिशवी काढावी लागत नाही.

आता जिवाणूंकडे वळू. योनीमार्गातील लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू कमी झाले की एचपीव्ही टिकून राहण्याचा संभव वाढतो, असे बऱ्याच अभ्यासांतून दिसले आहे. आतड्याबाबत मात्र अजून चाचपणीच चालू आहे. कर्करोग झालेल्या आणि निरोगी स्त्रियांच्या आतड्यांतील जिवाणूंत फरक आढळला, पण हे अभ्यास थोड्या स्त्रियांवरचे आहेत. रोगामुळे जिवाणू बदलले, की जिवाणू बदलल्याने रोगाला वाट मिळाली, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय हे जिवाणू आहाराने आणि औषधांनी बदलतात. ज्वारीची भाकरी खाणारी केजची बाई आणि अमेरिकेतली बाई यांना एकच माप कसे लावणार? संशोधन अवश्य व्हावे. या मार्गाचे आकर्षणही मी समजू शकतो: शौचाचा नमुना देताना बाईला परक्यासमोर टेबलावर झोपावे लागत नाही.

पण तो संकोच टाळण्याची सोय आजही आहे. एचपीव्ही तपासणीसाठी बाई स्वतःच, आडोशाला, नमुना घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीला मान्यता दिलेली आहे. अडचण वेगळीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी या कर्करोगाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे ८० हजार स्त्रिया या आजाराने गेल्या.

तपासणी पोहोचत नाही तेथे भीती आधी पोहोचते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतील १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून जाणे, दुखणे, खाडा पडण्याची धास्ती, अशी कारणे अनेक होती. 'कॅन्सर होईल' हा धाकही त्यांत होता. एका बाजूला तपासणीविना मरणाऱ्या स्त्रिया, दुसऱ्या बाजूला तपासणीविना पिशवी गमावणाऱ्या. दोघींना हवा होता तो एकच कागद.

तो द्यायचा तर शिबिराची तारीख ऊसतोडीच्या पंचांगात बसायला हवी. पट्टा पडल्यावर टोळ्या परततात, तेव्हापासून दसऱ्यापर्यंत बायका गावात असतात. नमुना तेव्हा घ्यावा आणि अहवाल टोळी निघण्याआधी हाती द्यावा. दोष निघाला तर उपचारही त्याच मुदतीत व्हावा.

त्या बाईचे ऑपरेशन झाले. कर्ज तिने वेळेवर फेडले. शेवटचा हप्ता भरायला आली तेव्हा कंबर धरून ती बाकावर बसली होती. तिचे खाते मी समाधानाने बंद केले. तिला कर्करोगाचा धोका खरोखर होता का, हे तिला कळले नाही आणि मलाही नाही.