पायथ्याशी उभे राहून

ज्या घराविषयी लिहितो आहोत ते आमच्या शहरातील छावणीपासून फार दूर नाही. कारगिलच्या आघाडीवरून १९९९ मध्ये परतलेल्या तेथील निवृत्त सुभेदारांना पहाटे उठवावयाचे झाल्यास त्यांच्या पत्नी उशाशी कधीही जात नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी दोन हात अंतर राखून उभ्या राहतात आणि ‘अहो, मी आहे’ असे म्हणून हाक मारतात, कारण अवचित स्पर्श झाला तर झोपेतल्या फौजीचा हात आधी उठतो आणि ओळख मागाहून पटते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत पहिला सुतळी बॉम्ब वाजताच सुभेदार हातातली पणती तशीच ठेवून आतल्या खोलीत जातात. शेजारी त्यास तऱ्हेवाईकपणा म्हणतात. नातलगांनी बाहेरची बाधा समजून अंगारेधुपारेही करून पाहिले.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या आग्रहामुळे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आघातानंतर जडणाऱ्या या मनोव्याधीस अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले. आमच्याकडे मात्र १९६५, १९७१ आणि श्रीलंका पाहून आलेल्या कित्येकांच्या घरी ती ‘स्वभाव बदलला’ एवढ्या दोन शब्दांत सोसली गेली. पाय गमावलेल्या जवानापुढे जे गाव नतमस्तक होते, तेच झोप गमावलेल्याकडे संशयाने पाहते, हा आमच्या मते उघड अन्याय आहे.

वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजारास शरीराच्या आजाराची बरोबरी दिली आहे, आमच्या शहरातील घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून फौजी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा स्वतंत्र कक्ष चालू झाला आहे. दफ्तरी तरतूद आहे. पण उभी हयात ‘ठीक आहे, साहेब’ म्हणण्यात गेली त्या माणसाने ‘मला झोप लागत नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगावे? इकडच्या उजाड टेकड्यांवर झाडे लावणाऱ्या प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनमध्ये मात्र माजी सैनिक पुन्हा आपल्या माणसांत येतात. त्याला कोणी उपचार म्हणणार नाही, तरी खड्डे खणताना जे बोलले जाते ते घरी वर्षानुवर्षे अडून राहिलेले असते, असे आम्हांला वाटते.

टेली-मानसचा क्रमांक १४४१६. फोन विनामूल्य आहे आणि तो पत्नीने वा मुलाने केला तरी चालतो. आपल्या गल्लीत असे कोणी सुभेदार असतील तर यंदा फटाक्यांची माळ लावण्यापूर्वी मुलांना त्यांच्या दारी पाठवून आगाऊ वर्दी द्यावी, एवढी आमची वाचकांस विनंती आहे.