मधुमेहींचा निद्रानाश : आधी औषधांची चौकशी

मधुमेहाचा रुग्ण निद्रानाशाची तक्रार घेऊन येतो, तेव्हा आपणा वैद्यांचे मन तत्काळ शास्त्राकडे धावते, आणि ते स्वाभाविकच आहे. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ चरकाचार्यांनी सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सहाव्या अध्यायात वातज आणि पित्तज प्रमेहाच्या उपद्रवांत निद्रानाशाची गणना केली आहे. ग्रंथाधार असा हाताशी असल्याने आपण वातप्रकोप नोंदवितो, जटामांसी, अश्वगंधा, पादाभ्यंग यांची योजना करतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. आमच्या मते आजच्या काळात ही घाई धोक्याची आहे. आपल्याकडे येणारे बहुतेक मधुमेही आधीपासून आधुनिक औषधे घेत असतात, आणि त्या औषधांचे परिणाम पुष्कळदा व्याधीच्याच लक्षणांचे रूप घेऊन समोर येतात.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग येते, भीतिदायक स्वप्ने पडतात, ही तक्रार. आम्ही रात्री लघु भोजन सांगितले, कारल्याचा रस सुरू केला आणि निद्रेसाठी अश्वगंधा दिली. तीन आठवड्यांनी तक्रार वाढलेलीच होती. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "पहाटे यांचा बनियन घामाने चिंब होतो, अन् सकाळी डोके धरून बसतात." तेव्हा कुठे आम्ही त्यांच्या गोळ्यांची पाकिटे मागवली. त्यांत ग्लिबेनक्लामाइड होते. त्याच रात्री तीन वाजता घरच्या ग्लुकोमीटरवर रक्तशर्करा ५२ भरली. म्हणजे रक्तातील साखर उतरत होती. आणि भोजन कमी करून, वर कारले देऊन, आम्हीच ती आणखी खाली ढकलीत होतो. अश्वगंधाही रक्तशर्करा काही अंशी उतरवू शकते, हेही आम्ही ध्यानात घेतले नव्हते.

ग्लिबेनक्लामाइडचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो. वृद्धांत आणि वृक्कदौर्बल्यात तो अधिकच लांबतो. रात्री घेतलेल्या काही इन्सुलिनांचा जोर मध्यरात्रीनंतर येतो. साखर ७० च्या खाली घसरू लागली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते. त्यामुळे स्वेद, हृद्द्रव, कंप आणि जाग. रुग्ण बीटा-ब्लॉकर वर्गातील रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर कंप आणि हृद्द्रव झाकले जातात. घाम तेवढा उरतो.

दुसरे उदाहरण प्रभूतमूत्रतेचे. डॅपाग्लिफ्लोझिन २०२० नंतर आपल्याकडे स्वस्त झाले आणि सर्रास दिले जाऊ लागले. ते मूत्रावाटेच साखर बाहेर टाकते. साहजिकच काही रुग्णांना रात्री वारंवार उठावे लागते. पाकीट न पाहणारा वैद्य प्रमेह बळावला असे समजेल. तिसरे उदाहरण हातापायांच्या दाहाचे व सुप्ततेचे. ती प्रमेहाची पूर्वरूपे खरीच. परंतु मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व घटूनही झोप मोडणारा पाददाह उद्भवू शकतो.

काही वैद्यमित्र म्हणतील, परक्या शास्त्राच्या औषधांचा हिशेब आपण का ठेवावा? आमचे उत्तर असे की, निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आहे. निदान गोळीच्या पाकिटात असेल, तर ते पाकीट उघडून पाहणे हे आपल्याच शास्त्राचे पालन होय. मात्र परिवर्जन म्हणजे गोळी आपल्या अधिकारात बंद करणे नव्हे. तसे केल्यास रक्तशर्करा बेसुमार वाढू शकते आणि दोष आयुर्वेदाच्या माथी येतो. आम्ही त्या गृहस्थांच्या डॉक्टरांना चार ओळींची चिठ्ठी लिहिली, आपण काय दिले तेही त्यात प्रांजळपणे नमूद केले आणि कारले व अश्वगंधा थांबवली. डॉक्टरांनी गोळी बदलली. आठवडाभरात ते गृहस्थ सलग झोपू लागले, कोणत्याही निद्राजनन औषधाविना.

म्हणून सर्व वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे. प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या केसपेपरवर निद्रेच्या रकान्याशेजारी चार प्रश्न लिहून ठेवावेत : कोणत्या गोळ्या वा इन्सुलिन, किती वाजता? रात्रीचे जेवण अलीकडे कमी केले का? पहाटे घाम, दुःस्वप्ने, सकाळी शिरःशूल आहे का? मूत्रप्रवृत्तीसाठी किती वेळा उठावे लागते? शंका आल्यास रात्री तीनची रक्तशर्करा तपासून घ्यावी. ती ७० च्या खाली असेल तर तत्काळ तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. व्होग्लिबोज घेणाऱ्यास मात्र साखरेऐवजी ग्लुकोजच द्यावे, कारण त्या औषधाने साखरेचे पचन मंदावते. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णालयात हलवावे.

या प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावर जटामांसीकडे जरूर वळावे. त्याआधी दिलेली जटामांसी रुग्णाला शांत करण्याऐवजी त्याने दिलेला इशाराच दडपून टाकील, ही भीती आम्हाला आजही वाटते.